आभाळातला डाग

तो डाग पहिल्यांदा दिसला यात्सुगाताकेच्या शिखरांवर.

दोन हजार तीन सालचा ऑक्टोबर लागला होता. नव्या डिजिटल कॅमेऱ्याचे पहिले काही नग ओकायाच्या शिराने या कंपनीने तोक्योच्या छायाचित्रकारांना वापरून बघायला दिले होते, त्यांतला एक परत आला. सोबत एक मोठा फोटो. डोंगराची रांग, माथ्यावर नुकतं पडलेलं बर्फ, वर निवळशंख निळं आभाळ, आणि त्या आभाळात उजव्या अंगाला मसुराच्या दाण्याएवढा करडा डाग. छायाचित्रकाराने एका शब्दाने तक्रार केली नव्हती. डागाभोवती लाल पेन्सिलीने गोल तेवढा काढून दिला होता.

कंपनीच्या नव्या इमारतीत एक पांढरी खोली होती. पांढऱ्या भिंती, पांढरे झगे, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या बायका. प्रकाश टिपणारी ती नाजूक काच, म्हणजे सेन्सर, कॅमेऱ्यात बसवायची ती या खोलीत. नागुमोने तो फोटो खोलीच्या काचेवर बाहेरून चिकटवला आणि आतल्या बायकांना दिसेल असा त्याच्याशेजारी उभा राहिला. डिजिटल विभागाचा हा प्रमुख ओसाकाच्या एका टीव्ही कंपनीतून आलेला. बोलायचा भराभर, आणि ओसाकाच्या माणसासारखा तोंडावर.

"हा डाग काही आभाळातून पडलेला नाही," तो म्हणाला. "तुमच्यापैकी कुणाच्या तरी अंगावरून पडलाय. कुणाच्या, ते मला हवंय."

बायकांनी माना खाली घातल्या. त्यांच्या पुढ्यात खोलीची मुख्य म्हणून तोकिए मोरोझुमी उभी होती. तिने मान खाली घातली नाही.

रस्त्याच्या पलीकडे, जुन्या इमारतीत, तिचा नवरा कात्सुजी शटर विभागाचा प्रमुख होता.

कात्सुजी जन्माने ओकायाचाच. त्याची आई इने तरुणपणी तळ्याकाठच्या रेशीम कारखान्यात कोश उकळून धागा काढायची. रेशमाचे दिवस सरले, कारखान्यांची धुराडी थंड झाली, आणि त्याच छपरांखाली पुढे घड्याळं आणि कॅमेरे बनू लागले. शाळा संपली तसा कात्सुजी शिरानेत लागला आणि पहिल्या दिवसापासून शटरलाच चिकटला. कॅमेऱ्यातल्या फिल्मसमोर धातूची पातळ पाती असतात. बटण दाबलं की ती डोळ्याच्या पापणीसारखी उघडतात आणि मिटतात. त्या पात्यांत त्याचं निम्मं आयुष्य गेलं. आता त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसं होती, आणि तेलपाण्याचं सगळं काम बघायचा तो त्याचा मेहुणा, तोकिएचा धाकटा भाऊ शिगेकी.

डिजिटल आलं तेव्हा जुन्या इमारतीत सगळे हसले होते. टीव्हीवाल्यांचं खेळणं, म्हणाले. चार पोरं खेळतील आणि टाकून देतील. मग स्टेशनरोडवरची फोटो धुवून देणारी दुकानं एकेक करत बंद झाली. शिरानेने घाईघाईत दुसऱ्याच कुणाचे छोटे डिजिटल कॅमेरे आणून त्यावर आपलं नाव डकवून विकले, आणि तोंड पोळून घेतलं. शेवटी मालक हिराबायाशी, घराण्यातली तिसरी पिढी, याने ओसाकाहून नागुमोला आणला आणि रस्त्यापलीकडे नवी इमारत उभी केली. तेव्हापासून कंपनीत दोन गावं झाली. खानावळसुद्धा वाटली गेली. खिडकीकडची टेबलं फिल्मवाल्यांची, भिंतीकडची डिजिटलवाल्यांची.

तोकिए आधी फिल्म पुढे सरकवणाऱ्या खिट्ट्या जुळवायची. ते काम बंद पडलं तेव्हा तिला विचारलं गेलं, आणि ती राजीखुशीने पांढऱ्या खोलीत गेली. कात्सुजीला ते लागलं.

"तिकडे जातेस?" एवढंच तो म्हणाला होता.

"पगार तेवढाच आहे," ती म्हणाली होती, "पण तिकडे उद्याचा दिवस आहे."

डागाच्या त्या संध्याकाळी ती घरी आली आणि कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, रजईत पाय घालून नुसती बसून राहिली. कात्सुजीने स्वतःच भात वाढला, नोझावानाचं लोणचं काढलं. म्हाताऱ्या इनेने सुनेकडे बघितलं.

"काय गं, जेवणाशी भांडण झालं का?"

"आज आमच्या भुवया तपासल्या, आई," तोकिए म्हणाली. "भुवया. केस गळतात का ते बघायला. हाताला मलम लावायचं नाही, गालाला पावडर लावायची नाही. एकीला विचारलं, घरी मांजर आहे का."

"मालात डाग निघाला की आधी पोरींचे हात बघतात," इने म्हणाली. "आमच्याकडेही तेच होतं. त्यात नवीन काय?"

तोकिएने काड्या उचलल्या, परत खाली ठेवल्या.

"मी तो सेन्सर पुसून पाहिला," ती म्हणाली. बोलत होती सासूशी, पण डोळे नवऱ्याच्या वाडग्यावर होते. "धूळ असती तर फुंकरीने उडाली असती. ही उडत नाही. ही चिकट आहे."

कात्सुजीने वाडगा खाली ठेवला.

चिकट. पांढऱ्या खोलीत चिकट असं काही नव्हतंच. चिकट काय असतं ते त्याला माहीत होतं, कारण ते त्याच्याच विभागात, शिगेकीच्या हातून, सुईच्या टोकाने पात्यांच्या बिजागरीवर लागत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने नव्या कॅमेऱ्याचा एक नग मागवून घेतला आणि खटका आपोआप दाबणाऱ्या यंत्रावर चढवला. पांढऱ्या भिंतीचा फोटो, मग पुन्हा पांढऱ्या भिंतीचा फोटो. सकाळी भिंत कोरी होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोपऱ्यात एक टिंब आलं. दुपारी तीन टिंबं झाली. कामाची वेळ संपेपर्यंत भिंतीला देवी आल्यासारखं दिसायला लागलं.

शिगेकी त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होता.

"आपलं तेल," तो म्हणाला.

"आपलंच."

"पण दाजी, हेच तेल, हीच पाती. इतकी वर्षं फिल्मच्या कॅमेऱ्यात घालतोय. कधी कुणी चकार शब्द काढला का?"

"फिल्म पुढे सरकते ना, बाबा. प्रत्येक फोटोला नवा कोरा तुकडा. तेलाचा कण पडला तर एका फोटोवर पडला, पुढच्याला तो गेला. कुणाच्या लक्षात येणार? हा सेन्सर जागचा हलत नाही. एकदा पडलेला कण जन्मभर तिथंच."

बाहेर माणसं निरोप घेत घराकडे निघाली होती. शिगेकीने दार लोटून घेतलं.

"हे वर सांगायचं नाही," तो म्हणाला.

"शिगेकी..."

"माझं ऐकून घे आधी. नागुमो कशाची वाट बघतोय ते तुला ठाऊक आहे. बाजारात तयार शटर मिळतात. विकत आणायची, बसवायची, झालं काम. तू आज जाऊन सांगितलंस की आपलं शटर डाग पाडतं, तर उद्या तो तेच करेल. मग हा विभाग कशाला हवा? फिल्मचे कॅमेरे आता महिन्याला किती जातात ते बघतोयस ना? नव्या कॅमेऱ्याला शटर पुरवतो म्हणून आपण जिवंत आहोत, दाजी. तेवढ्या एका दोरीवर चाळीस जण लोंबकळताहेत. आणि ती तू स्वतःच्या हाताने कापणार?"

"आणि तिकडे तुझ्या बहिणीच्या भुवया तपासताहेत त्याचं काय?"

"ताईला चार दिवस बोलणी बसतील. मला घरी बसावं लागेल. तूच बघ काय जड आहे ते." शिगेकीचा आवाज बसला. "आपण गुपचूप सुधारू. तेल कमी करू, दुसरं तेल आणू. कुणाला कळायच्या आत. थोडा वेळ दे मला, एवढंच मागतोय."

कात्सुजीने वेळ दिला.

शिगेकीने तेल निम्मं केलं, तर पाती कुरकुरली. जाड तेल आणलं, तर थंडीत पाती अडखळली. रोज यंत्र खटखटत राही आणि रोज संध्याकाळी भिंतीवर टिंबं उमटत. तिकडे आणखी दोन कॅमेरे डाग घेऊन परत आले. वर्षअखेरच्या बाजारात कॅमेरा उतरवायचं जाहीर झालं होतं, बँकेची माणसं मालकाकडे येऊन बसत होती, आणि नागुमोला झोप नव्हती. पांढऱ्या खोलीत तो दिवसातून तीनदा हवा मोजायला लावी. तोकिए घरी येई, अंघोळ करी, जेवे, झोपे. नवऱ्याला ती काही विचारत नव्हती. कात्सुजीला वाटे, बरं झालं विचारत नाही. आणि मग वाटे, का विचारत नाही?

एका सोमवारी सकाळी तो कसल्याशा कामाने नव्या इमारतीत गेला. पांढऱ्या खोलीबाहेर सगळ्या विभागांची माणसं जमवली होती. काचेच्या आत बायका ओळीने उभ्या, आणि ओळीच्या पुढे तोकिए. तोंडावरचा पांढरा कपडा तिने खाली ओढला होता. आतला आवाज बाहेर ऐकू येत नव्हता, पण ओठांवरून कळत होतं. माझ्या हलगर्जीपणामुळे कंपनीला त्रास झाला, मी क्षमा मागते. मग ती कमरेत वाकली. खूप वाकली, आणि तशीच राहिली. बायकांपैकी एक डोळे पुसायला लागली. झग्याच्या बाहीने पुसू नये, असा नियम होता तरी.

तोकिए सरळ झाली तेव्हा काचेतून तिची नजर थेट त्याच्यावर पडली. त्या नजरेत राग नव्हता. ओळखीच्या माणसाला रस्त्यात बघावं तसं तिने त्याला बघितलं, आणि तोंडावरचा कपडा वर ओढून घेतला.

तो तिथूनच वळला आणि जिना चढून मालकाच्या खोलीत गेला. नागुमो आतच होता. हिराबायाशी खिडकीपाशी उभा होता.

"साहेब, डाग माझा आहे," कात्सुजी म्हणाला.

"काय?"

"शटरचं तेल उडतं. पांढऱ्या खोलीत काही दोष नाही. कधीच नव्हता."

नागुमो खुर्चीत हळूहळू मागे टेकला. तो आनंदाने उड्या मारेल अशी कात्सुजीने मनाची तयारी केली होती. पण नागुमोचा चेहरा पांढरा पडला.

"त्या बाईला मी आत्ता सगळ्यांसमोर वाकायला लावलं," तो म्हणाला.

"हो."

"तुमची बायको."

"हो."

"कधी कळलं तुम्हाला?"

कात्सुजीने मान खाली घातली.

हिराबायाशी खिडकीतून मागे वळला. सत्तरीकडे झुकलेला, शांत माणूस. त्याच्या आजोबांनी पहिलं शटर स्वतः कानशीने घासून बनवलं होतं असं सांगत.

"नागुमो, बाहेरचं शटर?"

"बसेल, साहेब. खटका दाबायचा भाग थोडा बदलावा लागेल. वर्षअखेरचा मुहूर्त चुकेल, वसंतात कॅमेरा येईल."

"आणि शटर विभाग?"

नागुमोने कात्सुजीकडे बघितलं आणि नजर खाली वळवली.

"मला मुदत द्या," कात्सुजी म्हणाला. "तेलाशिवाय चालणारं शटर करून दाखवतो. पात्यांना कोरडा लेप देऊ. वसंतातच आणायचं असेल तर तुम्हाला तसाही वेळ आहे."

"जानेवारीअखेर," हिराबायाशी म्हणाला. "त्यानंतर एक दिवस नाही. बँक मला देणार नाही, म्हणून मी तुला देऊ शकत नाही."

त्या संध्याकाळी कात्सुजी घरी लवकर आला. तोकिए मुळा किसत होती. बातमी तिला कळलीच होती. ती नागुमोने स्वतः पांढऱ्या खोलीत जाऊन सांगितली होती आणि सगळ्या बायकांसमोर तिच्याइतकाच खाली वाकला होता.

"मी सांगितलं वर," कात्सुजी म्हणाला.

"ऐकलं."

"आधीच सांगायला हवं होतं."

तिने किसणी खाली ठेवली. "त्या दिवशी जेवताना मी 'चिकट' म्हणाले, आठवतं? मुद्दाम म्हणाले होते. म्हटलं, यांना पुढचं सांगायला लागणार नाही. त्यानंतर रोज सकाळी वाटायचं, आज जातील. रोज."

"तूच का नाही सांगितलंस नागुमोला?"

"नवऱ्यावर आणि भावावर मी बोट दाखवू? ते तुमचं तुम्ही बोलायचं होतं." तिने परत किसणी उचलली. "आज बोललात. बरं झालं. पण आज मला तुमच्याशी बोलायचं नाहीये."

तिकडे शिगेकीनेही बोलणं टाकलं. कामाला मात्र तो सगळ्यांच्या आधी हजर असे. "दाजीने आपल्याला विहिरीत ढकललंय," तो इतरांना कात्सुजीला ऐकू जाईल अशा बेताने सांगे. "आता पोहायला शिका."

पहिला कोरडा लेप तेलापेक्षा वाईट निघाला. पाती घासली आणि काळी पूड सेन्सरवर सांडली. दुसरा टिकला, पण थंड पेटीत ठेवताच पाती एकमेकांना चिकटून बसली. इथल्या, सुवा तळ्याकाठच्या हिवाळ्यात बंद पडणारा कॅमेरा काय कामाचा? डिसेंबरात एकदा नागुमो रस्ता ओलांडून आला, कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाला, "आमच्याकडे टीव्हीच्या काचेवर एक लेप द्यायचे. तो देणाऱ्याला मी ओळखतो. बोलावू?" शिगेकी तोंड वाकडं करून म्हणाला, "आता टीव्हीवाले आम्हाला पापण्या लवायला शिकवणार." पण तोच त्या माणसाजवळ दिवसभर बसला, आणि लेप किती पातळ हवा ते बोटांनी समजून घेतलं. खानावळीत नागुमो खिडकीकडच्या टेबलावर बसू लागला. पहिल्या दिवशी कुणी त्याच्याकडे मिसोचं सार सरकवलं नाही. आठवड्याने शिगेकीनेच सरकवलं.

नवं वर्ष आलं. तळं गोठलं. जानेवारीच्या मध्याला नव्या लेपाचं शटर थंड पेटीतून धडधाकट बाहेर पडलं, आणि विभागात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने हसलं. आता एकच परीक्षा उरली होती. कॅमेऱ्याच्या सगळ्या आयुष्यात जितके फोटो निघतील तितके सलग काढायचे, आणि शेवटी भिंत कोरी दिसली पाहिजे. ही परीक्षा पांढऱ्या खोलीत घ्यायची, म्हणजे बाहेरच्या धुळीचा प्रश्नच नको.

यंत्र लागलं. कात्सुजी, शिगेकी, नागुमो आळीपाळीने येऊन बघत. सगळं अंग झाकलेलं, नुसते डोळे उघडे. रोज सकाळी पडद्यावर भिंत उमटे, आणि रोज कोरी. शिगेकी मग कात्सुजीशी एखादं वाक्य बोलू लागला. "खटका नीट बसतोय ना बघ," असं काहीतरी. जुन्या इमारतीत कुणी पुढच्या वर्षाच्या गोष्टी बोलू लागलं की दुसरा त्याला गप्प करी.

शेवटच्या सकाळी मालक यायच्या आधी तिघेही पांढऱ्या खोलीत जमले. तोकिए तिच्या जागी, मागच्या टेबलाशी, काम करत होती. कात्सुजीने शेवटचा फोटो पडद्यावर घेतला.

भिंत पांढरी. वरचा कोपरा पांढरा. मध्य पांढरा. खाली डाव्या अंगाला एक टिंब. लहानसं. मसुराएवढंही नाही, मोहरीएवढं.

शिगेकी पडद्याजवळ वाकला.

"एकच आहे," शिगेकी हळूच म्हणाला.

कात्सुजीने तो भाग मोठा केला. टिंबाच्या कडा करकरीत होत्या. लेपाचा पापुद्रा. एक निघाला म्हणजे आणखी निघणार. ते त्याला जितकं ठाऊक होतं तितकंच शिगेकीलाही, आणि आता नागुमोलाही.

नागुमोने दाराकडे बघितलं. मालकाची पावलं अजून वाजत नव्हती. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "खोलीतली धूळ असू शकते. एखादा कण. इतक्या दिवसांत एखादा कण कुठूनही येतो. मी तसं सांगतो. तुम्ही नुसते गप्प राहा, मोरोझुमीसान. लेप नंतर सुधारता येईल."

तो मनापासून बोलत होता. चाळीस माणसं वाचवायचा हा एक रस्ता होता, आणि तो दाखवत होता नागुमो, ज्याने ही सगळी आग लावली असं सगळे म्हणत. शिगेकी कात्सुजीकडे बघत होता. नुसते डोळे दिसत होते, पण तेवढे पुरे होते. मागच्या टेबलाशी तोकिएचे हात थांबले होते.

कात्सुजीला हो म्हणावंसं वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं.

"या खोलीत धूळ नाही," तो म्हणाला. "ही माझ्या बायकोची खोली आहे."

शिगेकीने डोळे मिटले आणि तो खोलीबाहेर निघून गेला. हिराबायाशी आला, त्याने टिंब बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "थोडक्यात हुकलं." त्याला रागावणं जमलं असतं तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये शटर विभाग बंद झाला. काही जणांना पांढऱ्या खोलीत आणि सुट्या भागांच्या गोदामात घेतलं, काहींनी मुदतीआधी निवृत्ती पत्करली. शिगेकीला गोदाम देऊ केलं होतं. "तिथे काय करू, खोक्यांना तेल घालू?" असं म्हणून तो गेला तो शेजारच्या शिमोसुवा गावातल्या संगीतपेट्या बनवणाऱ्या कारखान्यात. कॅमेरा विकत घेतलेल्या शटरसकट वसंतात बाजारात आला. गाजला नाही, पण खपला, आणि दुसरा काढण्याइतका पैसा घेऊन आला. बऱ्याच मोठ्या नावांची दुकानं त्या चारपाच वर्षांत मिटली. शिराने अर्धी होऊन का होईना, उभी राहिली. कात्सुजीला दुरुस्तीच्या खिडकीवर बसवलं. लोक आपले डिजिटल कॅमेरे घेऊन येत, आणि तो सेन्सरवर बसलेली धूळ पुसून देई. निवृत्त होईपर्यंत त्याने तेच केलं. सुरुवातीला त्याला ती शिक्षा वाटली. पुढे वाटेनाशी झाली.

शिगेकी मात्र बहिणीच्या घरी येईनासा झाला. निरोप दिला तर "कामात आहे" असं उत्तर यायचं. तोकिए एकदा स्वतः जाऊन आली आणि बंद दारावरून परतली. तिला कात्सुजी म्हणाला, "मला शिव्या दे हवं तर." ती म्हणाली, "कशाला? तुम्ही बरोबर केलंत म्हणून भाऊ गेला. चूक केली असतीत तरी गेला असताच, फक्त उशिरा." पण रात्री तिची उशी ओली असायची, ते कात्सुजीला कळत होतं.

ते वर्ष ओंबाशिराच्या जत्रेचं होतं. दर सहा वर्षांनी देवळाचे खांब बदलायचे, त्यासाठी डोंगरातून आणलेले अवाढव्य ओंडके गावाने दोरांनी ओढत न्यायचे. कोण कुठल्या दोराला हे मोहल्ल्यावर ठरतं, माणसाच्या मर्जीवर नाही. मे महिन्यात सकाळी कात्सुजी निळा अंगरखा घालून दोरापाशी गेला, तर त्याच्या मागची जागा शिगेकीची होती.

गाण्याची हाक आली, शेकडो माणसांनी दोर खांद्यावर घेतला, ओंडका सरकला. थोडा सरकून वळणावर रुतला. पुन्हा हाक, पुन्हा जोर. ओंडका ढिम्म. पुढून म्होरक्या ओरडला, "मागचे झोपले का?"

"आम्ही ओढतोय," शिगेकी ओरडला, "माझ्या पुढचा म्हातारा नुसता लोंबकळतोय!"

आजूबाजूचे हसले. कात्सुजीने मागे न बघता म्हटलं, "मागून कुणी ढकलत असेल तर पुढचा ओढणार ना."

"मी ढकलू? ढकलण्यात तुझा हात कोण धरणार?"

हसणारे गप्प झाले. शटर विभागातले दोघे तिघे त्याच दोरावर होते. कात्सुजीने दोर खांद्यावरून उतरवला नाही, पण तो वळला.

"शिगेकी, तुला काय म्हणायचंय ते म्हण. इथेच म्हण."

शिगेकीचा चेहरा घामाने आणि साकेच्या नशेने लाल झाला होता. त्याने बाहीने तोंड पुसलं.

"तो कण मीही ओळखला होता," शेवटी तो म्हणाला. "तू बोलला नसतास तर मी बोललो असतो का, हे रोज स्वतःला विचारतो. उत्तर 'नाही' असं येतं. ताईसमोर कुठल्या तोंडाने यायचं? राग तुझा नाही, दाजी. म्हणजे, तुझाही आहे. पण सगळा तुझा नाही."

"मीही पहिल्यांदा गप्पच बसलो होतो," कात्सुजी म्हणाला. "तिला सगळ्यांपुढे वाकावं लागेपर्यंत."

"ते तर आहेच. तू काही मोठा साधू नाहीस."

पुढून हाक उठली. दोघांनी दोर खांद्यावर घट्ट केला, टाचा मातीत रोवल्या. या खेपेला ओंडका एक हिसका देऊन वळणातून सुटला आणि माणसं एकमेकांवर कोसळली. शिगेकी कात्सुजीच्या पाठीवर आदळला, आणि दोघेही चिखलात बसले.

संध्याकाळी शिगेकी कात्सुजीबरोबर घरी आला. चिखलाचे पाय अंगणात धुतले. इनेने त्याला ओळखलं नाही असं सोंग केलं आणि विचारलं, "हा कोण पाहुणा?" तोकिएने भावाकडे एकदा नीट बघितलं, आणि भाजलेल्या वामीचं ताट मध्ये आणून ठेवलं. सगळ्यात मोठा तुकडा शिगेकीने स्वतःकडे ओढला, आणि त्याला कुणी काही म्हणालं नाही.